‘स्मृतिचित्रे’तील कृपा : भार कोणी वाहिला?

यंदाच्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाने असे ठरवले की, दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर अर्धा-पाऊण तास एखादे चांगले पुस्तक सर्वांनी मिळून ऐकावे. पुस्तक निवडण्याचे काम माझ्याकडे आले. संतचरित्रे पूर्वीच वाचून झाली होती, म्हणून मी कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ काढले. जालना जिल्ह्यातील आमचे धर्मग्राम लहान आहे. ऐकायला बसणाऱ्यांत कोणी अंगणवाडीत मदतनीस, कोणी मोसंबीच्या बागेत रोजाने जाणारी, तर कोणी ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली. आमच्या शाळेतील एक शिक्षिका वाचीत आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकत असे.

पहिले दोन शुक्रवार हसण्यात गेले. लक्ष्मीबाईंची भाषा आमच्या बायकांना अनोळखी वाटली नाही. ओसरीवर बसून कोणी आजी गोष्टी सांगते आहे, असेच त्यांना वाटले. तिसऱ्या शुक्रवारी टिळकांच्या औदार्याचे प्रसंग आले. मागणारा भेटला की खिसा रिकामा होई, आणि पगाराचे पैसे घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतीलच असा भरवसा नसे. वाचन थांबल्यावर पुढच्या रांगेतील एक वयस्क मावशी शांतपणे म्हणाल्या, “फादर, टिळकांनी समदा भार देवावर टाकला, आन् देवानं तो उचलून बाईच्या डोक्यावर ठेवला.”

सर्वजणी पुन्हा हसल्या. मला मात्र हसता आले नाही. आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांविषयीचा मत्तयच्या सहाव्या अध्यायातील उतारा ज्या ज्या वर्षी रविवारच्या मिस्सेत येतो, त्या त्या वर्षी मी प्रवचनात टिळकांचे उदाहरण देत आलो आहे. देवाच्या कृपेवर विसंबून जगणे म्हणजे काय, तर रेव्हरंड टिळकांकडे पाहा, असे मी सांगत असे. त्या घरात पीठ कोण आणीत होते, हे मी कधीच सांगितले नव्हते. मावशींच्या त्या एका वाक्याने मला हे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लावले. प्रस्तुत लेख हे त्या फेरवाचनाचे फळ आहे.

‘स्मृतिचित्रे’चा जन्म कसा झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नारायण वामन टिळक १९१९ साली मुंबईत निवर्तले. पुढे त्यांचे चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून काढण्याची गळ घातली. म्हणजे हे पुस्तक मुळात दुसऱ्याच्या चरित्रासाठी साधनसामग्री म्हणून सुरू झाले. लक्ष्मीबाईंचे रीतसर शिक्षण असे झालेले नव्हते. त्यांनी आठवेल तसे, बोलतात तसे लिहिले. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले, आणि मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना झाली. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा शेवटचा भाग अपुराच होता. तो देवदत्तांनी पूर्ण केला.

मराठी समीक्षकांनी या पुस्तकाचा विनोद, त्याची निर्मळ शैली आणि सनातनी ब्राह्मण घरातील स्त्रीजीवनाचे त्यातील दर्शन यांचे मनापासून कौतुक केले आहे. परंतु त्यातील ख्रिस्ती आशय हा जणू लेखिकेच्या आयुष्यातील एक प्रसंग, गाव बदलावे तसा, असे समजून ते पुढे जातात. आम्ही कॅथलिकांनी तर हे पुस्तक बराच काळ ‘प्रोटेस्टंटांचे’ म्हणून बाजूला ठेवले. कृपा हाच तर आपल्यातील व त्यांच्यातील वादाचा मुद्दा, मग त्यांच्या घरातील कृपेची गोष्ट आपण कशाला वाचावी, अशी वृत्ती होती. आता ती सबब उरलेली नाही. मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो कृपेने, या मूळ सत्याविषयी काथलिक ख्रिस्तसभा आणि लूथरन मंडळ्या यांनी १९९९ साली आउग्सबुर्ग येथे एकत्र स्वाक्षऱ्या केल्या, आणि टिळकांचे मिशन ज्या परंपरेतले, त्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनेही २०१७ साली त्या निवेदनाशी आपली सहमती जोडली.

सेमिनरीत आम्हांला कृपेचा विषय शिकवला गेला तेव्हा फळ्यावर एका बाजूला पेलॅगियस व दुसऱ्या बाजूला संत ऑगस्टिन असत. माणूस आपल्या बळावर चांगला होऊ शकतो, असे पेलॅगियसचे म्हणणे. चांगले व्हावे अशी इच्छासुद्धा देवाच्या कृपेनेच उत्पन्न होते, असे ऑगस्टिनचे उत्तर. ५२९ साली ऑरेंज येथील धर्मपरिषदेने आणि १५४७ साली ट्रेंट येथील महासभेने यात भर घातली ती एवढी की, कृपा आधी येते हे खरे, पण आलेल्या कृपेला माणसाने हात द्यावा लागतो. संत थॉमस अक्वायनस यांचा सिद्धांतही याच दिशेचा : कृपा निसर्गाला बाजूला सारीत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते. परीक्षेपुरते हे सारे मी पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र मला पुष्कळ उशिरा, आणि तोही या गृहिणीच्या पुस्तकातून, उमगू लागला.

पुस्तकाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे चित्र येते. १८५७ च्या धामधुमीत घराण्यातील जवळच्या आप्तावर फाशीचा प्रसंग आला, आणि त्या धक्क्याने या गृहस्थांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. स्पर्शाची भीती, सावलीची भीती, आणि त्या भीतीखाली घरातील बायकामुलांची होणारी ससेहोलपट. लक्ष्मीबाई हे सांगताना आपल्याला हसवतात. पण हसून झाल्यावर वाचकाने क्षणभर थांबावे. या घरात कोणी दुष्ट नाही. वडील देवभीरू आहेत. त्यांना शुद्ध व्हायचे आहे, आणि ती शुद्धी आपण आपल्या हाताने, पाण्याने, नियमाने मिळवू अशी त्यांची समजूत आहे. जितके धुवावे तितका मळ अधिक दिसतो, हे त्या समजुतीचे फळ.

पेलॅगियसचा सिद्धांत माझ्या लेखी एका ग्रंथातील प्रकरण होता. येथे तो एक नांदते घर होऊन समोर आला. आणि हे घर केवळ हिंदूंचे आहे असे मानून जो ख्रिस्ती वाचक सुखावेल त्याने सावध व्हावे. आमच्याकडे नऊ दिवसांची नोव्हेना सातव्या दिवशी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारी, आणि चुकल्याच्या भीतीने रात्र जागून काढणारी माणसे आहेत. मुलाला नोकरी लागली नाही तेव्हा ‘आमची जपमाळ कमी पडली का, फादर?’ असे विचारणारे आईबाप मी पाहिले आहेत. भक्ती चांगलीच आहे, परंतु देवाकडे काही जमा करून त्या बदल्यात काही उचलायचे आहे असा हिशेब भक्तीत शिरला की सोवळे आणि जपमाळ यांत फारसे अंतर राहत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ सालच्या आपल्या पवित्रतेविषयीच्या पत्रात या जुन्या पाखंडाचे आजचे रूप मुद्दाम दाखवून दिले होते.

अशा घरातून आलेली ही मुलगी. अकराबारा वर्षांची असताना तिचे लग्न झाले. नवरा बुद्धिमान, कवी, शीघ्रकोपी आणि फिरस्ता; न सांगता घर सोडून जाणारा. मुले झाली, काही दगावली. आणि मग १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत स्नानसंस्कार घेतला. त्यापूर्वी दोनेक वर्षे, राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला होता आणि आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले होते. ही गाडीतील भेट आमच्या प्रवचनांची आवडती. तिच्यात नाट्य आहे, आणि अनोळखी दूत आहे. दमास्कसच्या रस्त्याची आठवण तर सहजच होते.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र असे काहीच आले नाही. धर्मांतराच्या बातमीने त्या कोलमडल्या. लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपूर आदी ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने काही वर्षे त्यांनी काढली. पुढे त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) नवऱ्याकडे आल्या, तरी सुरुवातीला आपले सोवळे सांभाळूनच राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. ही गोष्ट त्यांच्या बाजूने मोठी आहे आणि ती मी नोंदवू इच्छितो. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला की जात देवाने केली की माणसाने? विचार करता करता त्यांना उत्तर मिळाले, माणसाने. त्यानंतर कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले, आणि तसे केले. आकाशवाणी झाली नाही, प्रकाश पडला नाही. १९०० साली त्यांचा स्नानसंस्कार झाला.

हा प्रसंग त्या इतक्या साध्या शब्दांत सांगतात की घाईचा वाचक तो ओलांडून पुढे जाईल. परंतु ज्या मुलीच्या बापाने जिन्नस धुऊन घेण्यात आयुष्य घालवले, ती मुलगी परक्या हातचे पाणी पिते, यापेक्षा कृपेचे ठळक चित्र मराठी साहित्यात मला तरी आठवत नाही. धुण्याची गरज संपली. शुद्धी मिळवायची नसते, ती मिळालेली असते, हे तिला धर्मशास्त्राच्या भाषेत सांगता आले नसते. पाण्याच्या पेल्याने तिने ते सांगितले. आम्हा काथलिकांना तर हे लवकर समजायला हवे, कारण पाणी, भाकरी, तेल, हाताचा स्पर्श यांतूनच कृपा येते असे आमचे सातही संस्कार सांगतात.

येथपर्यंत समीक्षक आणि धर्मगुरू यांचे माझ्यात भांडण नाही. भांडण सुरू होते ते टिळकांच्या पैशांपाशी.

टिळकांचा देवावरील भरवसा खरा होता, यात मला शंका नाही. त्यांनी स्वतःसाठी काहीच राखून ठेवले नाही. दुष्काळातील अनाथ मुले घरात आणली, अस्पृश्य मानलेल्यांना जवळ केले. १९१७ साली मिशनची सेवा सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे त्यांचे स्वप्न हे एका खऱ्या भक्ताचे स्वप्न आहे. तरीसुद्धा पुस्तकाचा प्रामाणिक वाचक एक गोष्ट नाकारू शकत नाही. टिळक जेव्हा जेव्हा उद्याची चिंता देवावर सोपवतात, तेव्हा तेव्हा उद्या सकाळी उठून चूल पेटवण्याचे काम लक्ष्मीबाईंचे असते. पाहुणे टिळक आणतात, पण उसने पीठ लक्ष्मीबाई आणतात. अनाथ मुलाला घरात घेण्याचे पुण्य टिळकांचे आणि त्याच्या डोक्यातील उवा काढण्याचे काम बाईंचे, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही.

प्रभू येशूला सैतानाने मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे म्हटले. त्यासाठी त्याने स्तोत्रातील वचनाचाच आधार घेतला. येशूने नकार दिला. म्हणजे देवावर भरवसा आणि देवाची परीक्षा पाहणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसू शकतात, पवित्र शास्त्राचे शब्दही दोहोंना लागू पडू शकतात. त्यांतला फरक कसा ओळखावा? ‘स्मृतिचित्रे’ वाचून मला एक ओबडधोबड कसोटी सुचली : माझ्या भरवशाची किंमत कोण मोजते? ती मीच मोजत असेन तर तो भरवसा असण्याचा संभव आहे. माझी बायको, माझी आई किंवा माझ्या धर्मग्रामातील गरीब माणसे ती मोजत असतील तर मी त्यांच्या खांद्यावर उभा राहून उडी टाकतो आहे. या कसोटीला आम्ही धर्मगुरूही उतरत नाही, हे येथे कबूल करतो. ‘देव पाहून घेईल’ असे म्हणून मी चर्चचा सण ठरवतो, आणि दोनशे माणसांचा स्वयंपाक याच बायका पाहून घेतात.

टिळकांच्याच काळात, महाराष्ट्राच्याच मातीत, दुसरे एक उदाहरण होते. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन उभारले तेही देवावरील भरवशावर. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यानंतर १९०० चा दुष्काळ यांत त्यांनी शेकडो निराधार मुली-स्त्रियांना आसरा दिला. ‘देव देईल’ हा त्यांचाही विश्वास होता. परंतु त्याच आवारात विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, विणकाम आणि छपाई शिकवली गेली. रमाबाईंचा भरवसा हिशेबाच्या वहीला घाबरत नाही. मी टिळकांना रमाबाईंच्या तराजूत तोलू इच्छीत नाही, कारण कवीचा पिंड वेगळा असतो. पण आमच्या प्रवचनांत टिळक अनेकदा येतात, रमाबाई क्वचित, आणि केडगावच्या विहिरी कधीच नाहीत, याचे कारण आपण शोधायला हवे.

लक्ष्मीबाईंकडे परत येतो. त्या स्वतः या साऱ्याविषयी तक्रार करतात का? करतात आणि नाहीही. त्या टोमणा मारतात, रुसतात, भांडतात, आणि पुढच्याच वाक्यात स्वतःची फजिती सांगून हशा पिकवतात. हा विनोद ही त्यांची कला आहे, असे समीक्षक म्हणतात ते योग्यच आहे. मला तो त्याहून अधिक काही वाटतो. ज्याला आपले पुण्य मोजायचे असते त्याला स्वतःवर हसता येत नाही. आपण किती सोसले याची यादी करायला या बाईला सर्वांत अधिक कारण होते, आणि तिने ती यादी विनोदी गोष्टींत उधळून टाकली. संत तेरेजा, बाळ येशूची, लक्ष्मीबाईंपेक्षा पाच वर्षांनी लहान. तिनेही आपले आत्मवृत्त दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिले, आणि रिकाम्या हातांनी देवापुढे जाण्याचा तिचा ‘लहान मार्ग’ १९९७ साली ख्रिस्तसभेने आचार्यांच्या मालिकेत बसवला. फ्रान्समधील मठातील कुमारिका आणि पंढरपुराहून अहमदनगरला आलेली प्रापंचिक स्त्री यांची तुलना कोणाला धाडसाची वाटेल. मला ती अटळ वाटते. दोघींनाही मोठेपणाचा सोस नाही, आणि तरीही दोघींचे लेखन हातातून सुटत नाही.

पण येथे माझा एक आक्षेपही आहे. हा विनोद कित्येकदा टिळकांना फार सहज सोडून देतो. काही ठिकाणी वाचकाच्या घशाशी दुःख येते आणि लेखिका गंमत करून ते परतवून लावते. पतीच्या रागाचे, त्याच्या न सांगता निघून जाण्याचे प्रसंग आपण हसत वाचतो, आणि मग मनात येते की आपण हसलो हे बरे झाले का? क्षमा ही कृपेची खूण आहे. पण क्षमेआधी जखमेचे नाव घ्यावे लागते. लक्ष्मीबाई ते नाव घेतात, परंतु ओझरते. ख्रिस्ती घरांतील बायकांना ‘सहन करा, देव पाहतो आहे’ असे सांगणाऱ्यांच्या हाती हे पुस्तक पडले तर ते त्याचा दुरुपयोग करतील, आणि केलाही असेल. दुसरी उणीव अशी की स्नानसंस्कारानंतरच्या त्यांच्या प्रार्थनाजीवनाविषयी, अंतरंगाविषयी त्या थोडेच बोलतात. धर्मगुरू म्हणून मला ही उणीव जाणवते. वाचक म्हणून मात्र वाटते की त्या बोलल्या असत्या तर पुस्तक उपदेशाचे झाले असते.

आमच्या जिल्ह्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. १६०८ साली ते तेथे जन्मले. प्रयत्नाचे महत्त्व सांगणारा त्यांचा स्वर येथील शेतकऱ्याच्या बोलण्यात आजही ऐकू येतो, आणि काही ख्रिस्ती उपदेशकांना तो कृपेच्या विरुद्ध वाटतो. मला तशी भीती वाटत नाही. जालन्याजवळच्या कडवंची गावात १९९० च्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम झाले. हा कार्यक्रम महाराष्ट्रात आणण्यात हर्मन बाखर या स्वित्झर्लंडहून आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. त्यात गावाने श्रमदान केलेच पाहिजे, झाडतोड आणि मोकाट चराई थांबवलीच पाहिजे, अशी अट असे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, तेव्हा कडवंचीच्या शेततळ्यांनी द्राक्षबागा तगवल्या. पाऊस कडवंचीने पाडला नव्हता. तो पडेल तेव्हा कोठे थांबावा, एवढेच तिने बांधून ठेवले होते. ट्रेंटच्या महासभेने जे लॅटिनमध्ये सांगितले ते आमच्या शेतकऱ्याला बांधावर उभे राहून सांगता येते, आणि मी पुढे तसेच सांगणार आहे.

लक्ष्मीबाईंच्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’ आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या भागात या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. घागर भरून मिळते, परंतु ती डोक्यावर घेऊन घरी यावे लागते, आणि वाटेत सांडू द्यायची नसते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले आणि सुरुवातीचे अध्याय लिहून ते अपुरे ठेवून गेले. ज्या स्त्रीला अक्षरओळखही धडपडत मिळाली, तिने त्यातील पुढचे बहुतेक सारे अध्याय लिहून ते काव्य पुढे नेले. काव्य म्हणून या उत्तरभागाचे मोल काय, यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते टिळकांची झेप त्यात नाही, आणि काही अध्याय निव्वळ कथानक पुरे करण्यासाठी लिहिलेले दिसतात. पण त्या अध्यायांकडे पाहताना मला मावशींचे वाक्य पुन्हा आठवले. येथेही भार बाईंच्याच डोक्यावर आला होता. मात्र या खेपेस तो कोणी ठेवलेला नव्हता. तो त्यांनी आपणहून उचललेला होता. पिठाचा डबा आणि महाकाव्य यांतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. लादलेल्या भाराला कृपा म्हणणे हा अन्याय आहे. उचललेल्या भाराला मात्र ते नाव शोभते, आणि त्या दोहोंत फरक करण्याचा अधिकार भार वाहणाऱ्या व्यक्तीचाच आहे, प्रवचनकाराचा नाही.

‘स्मृतिचित्रे’ आज सहज मिळते. इंग्रजीत त्याचे भाषांतर १९५० साली झाले, आणि शांता गोखले यांनी केलेले नवे भाषांतर २०१७ साली आले. शहरांत राहणाऱ्या आपल्या मुलांना मराठी जड जात असेल तर त्यांच्या हाती ते द्यावे. मराठी प्रत मात्र प्रत्येक धर्मग्रामाच्या वाचनालयात असावी, आणि शक्य तर ती मोठ्याने वाचावी. एकट्याने वाचताना मला जे वीस वर्षांत दिसले नाही, ते बाकावर बसलेल्या बायकांना तीन शुक्रवारांत दिसले.

पुनरुत्थानाचा सण झाला तरी आमचे वाचन थांबलेले नाही. दोन भाग संपले. मावशींना मी त्यांचे वाक्य लेखात घालू का असे विचारले, तर त्या म्हणाल्या, “घाला की. पर टिळक बी वाईट नव्हते, हे बी लिहा.” तिसरा भाग पेरण्या उरकल्यावर सुरू करायचे ठरले आहे.